मेलेल्याच्या नावाचं लुगडं

"हिचं लुगडं धड आहे. हिला बाजूला काढा."

शेठजींचा मुलगा ओट्यावरून माझ्या सासूकडे बोट करून म्हणाला. मुनिमानं तिला दंडाला धरून रांगेबाहेर काढलं. मी तिच्या मागंच उभी होते.

दुष्काळाचं साल. राहुरीच्या पेठेतले थोरले शेठजी वारले. मृत्युपत्रात लिहून गेले, दरवर्षी माझ्या श्राद्धाला गावातल्या गरीब विधवांना लुगडं आणि ज्वारी द्यावी. बाई खरोखरची गरीब असावी. मुलानं ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. मग एकेकीला खालून वरपर्यंत न्याहाळायला लागला.

आम्ही दोघीही विधवा. दुष्काळी कामावर खडी फोडायचो. घरी माझं लहान लेकरू. मोठ्यांच्या दारात जायचं म्हणून आदल्या दिवशी मी सासूचं लुगडं धुतलं. फाटलं होतं तिथं बारीक टाके घातले. तेच टाके आडवे आले.

सासू भिंतीच्या आडोशाला गेली. टर्र आवाज आला. परत आली तेव्हा गुडघ्याच्या वरपासून लुगडं लोंबत होतं. म्हातारी बाई. माझ्या नवऱ्याची आई.

ओट्यावरची माणसं हसली. शेठजींच्या मुलानं हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं.

"आता कशी गरीब दिसतेस! फोटोला नमस्कार कर. म्हण, शेठजींच्या आत्म्याला शांती मिळो."

ती तसं म्हणाली. तिच्या हातात नवं लुगडं आलं, पाटीत ज्वारी पडली.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुझंही धडच आहे की. जा, तूही फाडून ये."

सासूनं डोळ्यांनी खुणावलं, जा. माझा हात पदराकडं गेला. खरंच गेला. तेवढ्यात दिसलं, ती नवं लुगडं पुढं धरून उघडी मांडी झाकत होती.

"न्हाई फाडत," मी म्हणाले.

"मग मिळणार नाही."

"नगं."

एवढंच. "लई माज आलाय हिला!" मुनीम ओरडला. रांगेतल्या बायका खाली बघत राहिल्या. मागं एकीनं गुपचूप पदर फाडला. तो आवाज मी ऐकला.

वाटेत सासू भडकली. "लेकराला काय तुझा ताठा शिजवून घालू?"

संध्याकाळी त्याच ज्वारीच्या भाकरी मीच थापल्या. लेकराला चारल्या. मीही खाल्ली. घशाखाली उतरली. भूकच तेवढी होती.

पुढच्या वर्षी सासू पुन्हा गेली. मी अडवलं नाही. अडवून तिला काय खायला घालणार होते? पण मी गेले नाही. त्यानंतर कधीच नाही.

काम मागीन. मजुरी भांडून घेईन, मुकादमाच्या दारात बसून घेईन. हातात जोर आहे तोवर दगड फोडीन. पण माझी गरिबी कुणाला तपासू देणार नाही. ओट्यावर बसलेल्याला नाही. आणि पुण्यासाठी असलं कलम मागं ठेवून मेलेल्याला तर नाहीच नाही.