उजवा गुडघा

आमच्या सोसायटीत माझा उजवा गुडघा सगळ्यांना ठाऊक आहे. गेटवरचा गार्ड विचारतो, "घुटना कैसा है, साहब?" खालच्या मजल्यावरच्या मिसेस अरोरा थंडी पडली की मेथीचे लाडू पाठवतात. मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे खाली सतरंजीवर बसतात आणि माझ्यासाठी खुर्ची येते. त्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालेलं नव्हतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहून हलकं वगैरे काही वाटत नाहीये. वैताग येतोय. माझाच.

तुम्ही म्हणाल, एवढंच? गुडघा दुखतो म्हणून कोण खोटं बोलत नाही? थांबा जरा. गुडघा त्यातला छोटा भाग आहे. मी त्याच्याआड बसायला इतका सरावलोय, की मोठा भाग सांगायला घेतला तरी जीभ पुन्हा गुडघ्यावरच येते.

आम्ही दिल्लीत मयूर विहारमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होतो, आता रिटायर झालोय. नोकरीत असल्यापासून सकाळी पार्कात चालायला जायचो, आणि खरं सांगायचं तर चालण्यापेक्षा त्यावर बोलायचो जास्त. श्वास कसा घ्यावा, टाच आधी की चवडा आधी — माझ्याबरोबरचे लोक ऐकून घ्यायचे. ऑफिसात मला कोणी फारसं विचारत नव्हतं. पार्कात विचारायचे.

आणि शैला, माझी बायको — ती घरात असायची. माझी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, ती कितीतरी वर्षं तशीच होती. शैला तिला उचलायची, कुशीवर वळवायची, न्हाऊ घालायची. दिवसातून कितीदा जिने उतरायची, दूध, भाजी, औषधं घेऊन चढायची. सख्ख्या भावाच्या लग्नाला पुण्याला गेली ती हळदीला पोचली आणि अक्षता पडल्या पडल्या निघाली. याला व्यायाम म्हणतात असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. का यावं? तिने कधी टाच आणि चवडा म्हटलं नव्हतं.

आई गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे गेलो. मधुरा ऑस्ट्रियात, आल्प्सच्या पायथ्याशी एका लहान शहरात नोकरी करते. तिने आधीच एक फोटो पाठवला होता: डोंगरावरचं लाकडी घर, खाली दगडी जोतं, खिडक्यांत लाल फुलं, मागे बर्फ. चालणाऱ्यांनी तिथे टेकायचं, गरम सूप प्यायचं, उतरायचं. शैलाने विचारलं, "इथे गाडी जाते?" मधुरा म्हणाली, "नाही गं आई, पायीच जावं लागतं." "मग मला तिथेच जायचंय," शैला म्हणाली. त्या सबंध ट्रिपमध्ये तिने स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

मी काय केलं असेल? पार्कात जाहीर केलं, की हिला मधल्या कुरणावर बसवीन आणि मी वर जाऊन येईन. माझ्यासाठी भारीपैकी ट्रेकिंगचे बूट घेतले. तिने लक्ष्मीनगरच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट घेतले. मी हसलो. तीही हसली.

त्या दिवशी शेवटच्या गावापर्यंत बसने गेलो. तिथून वाट सुरू होते. आधी देवदारासारख्या उंच झाडांची दाट राई, पायाखाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर, बाजूने दुधट हिरव्या पाण्याचा ओढा. मग एकदम उघडं कुरण, गळ्यात मोठाल्या घंटा बांधलेल्या गाई, गुडघाभर गवतात निळी-पिवळी फुलं. पलीकडच्या डोंगरावर बर्फ इतकं स्वच्छ दिसत होतं की डोळे चोळावेसे वाटावेत — आपल्या दिल्लीच्या डोळ्यांना इतक्या लांबचं काही बघायची सवयच नसते. हे सगळं होतं. पण मी नंतर फोटोंत पाहिलं म्हणून सांगतोय. त्या दिवशी मला दिसत होत्या त्या शैलाच्या टाचा.

ती पुढे होती. राईतच पुढे गेली होती. माझा श्वास कुरणाच्या आधीच फुलला. बूट चावत होते. पार्कातली सपाट फरसबंदी आणि ही नागमोडी चढण यांचा काही संबंध नाही, हे मला पहिल्या वळणावर कळलं आणि मी ते कोणालाही कळू देणार नव्हतो. मी फुलांचे फोटो काढायला थांबत होतो. मला फुलांत काडीचा रस नाही. ती प्रत्येक वळणावर थांबायची, लिमलेटची गोळी पुढे करायची आणि म्हणायची, "सावकाश या, घाई नाहीये." तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.

वरून एक म्हातारं जोडपं उतरत होतं, तिथलंच. शैलाने त्यांना नमस्कार केला. म्हातारा थांबून तिच्याकडे बघत काहीतरी बोलला आणि मधुरा हसायला लागली. "आई, ते म्हणतायत, तुम्ही डोंगरातल्याच दिसता." शैला हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे हसू मी पाहिलेलं नव्हतं. ते कुठे होतं? कोणी ठेवलं होतं ते दडवून? मला तेव्हा असला कुठलाही प्रश्न पडला नाही, हे सांगायला हवं. मला राग आला.

शेवटच्या खडकाळ टप्प्याखाली आलो आणि वर ते घर दिसलं. झेंडा फडफडत होता, बाकांवर बसलेली माणसं दिसत होती. शैला ओढणी कमरेला खोचून उभी होती, तिला दमही लागला नव्हता. माझ्या डोक्यात पुढचं सगळं चित्र तयार झालं — ती वर पोचलीय, माझी वाट बघतेय, मी धापा टाकत येतोय, आणि मग हे मयूर विहारमध्ये सांगितलं जातंय. सगळे हसतायत, प्रेमानेच हसतायत. मी एका दगडावर बसलो, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, "आई गं."

दोघी धावत खाली आल्या. शैलाने गुडघा चाचपला, बाटलीतलं गार पाणी रुमालावर ओतून त्यावर ठेवलं. मधुरा म्हणाली, "आई, तू जाऊन ये. मी थांबते ना बाबांजवळ. इतक्या जवळ आलोय यार."

शैलाने वर बघितलं. मग माझ्याकडे.

मघापासून ज्याच्याभोवती घुटमळतोय ते हे. इथवर फार बिघडलं नव्हतं. खोटा गुडघा धरून मी दगडावर बसून राहिलो असतो, ती वर गेली असती, सूप प्यायली असती, खाली आली असती. माझी लाज राखली गेली असती आणि तिचं घर बघून झालं असतं. मला फक्त "जा" म्हणायचं होतं.

आणि मी तेच म्हणालो. "जा ना तू. माझं काय, मी बघतो कसं ते."

शब्द हेच. पण लग्न होऊन इतकी वर्षं झालेल्या माणसांना शब्दांची गरज लागते का? त्या आवाजात मी आईच्या आजारपणात रोज बोलायचो. तू जा माहेरी, आम्ही करू काहीतरी. तू झोप, आईला मी बघतो. या आवाजात मी जा म्हटलं की ती जात नाही, हे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो आवाज काढला.

ती म्हणाली, "छे, तुम्हाला असं सोडून कुठे जाऊ? पुन्हा येऊ कधीतरी." माझी सॅक तिने आपल्या खांद्यावर घेतली, मी तिच्या दुसऱ्या खांद्यावर हात टाकला, आणि आम्ही उतरलो. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

मग ते निभवावं लागलं. दिल्लीत आल्यावर डॉक्टर, एक्स-रे, गरम पट्टा. एक्स-रे साफ आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतली शीर आखडली असेल. एकदा मी चुकून डाव्या पायाने लंगडलो, माझं मलाच जिन्यात लक्षात आलं आणि पटकन पाय बदलला. शैला रात्री जेवणं झाली की तिळाचं तेल कोमट करून गुडघ्याला चोळायची. मी डोळे मिटून पडायचो. काय करत होतो मी? एका धडधाकट गुडघ्याला बायकोकडून तेल लावून घेत होतो. पुढच्या उन्हाळ्यात मधुराने पुन्हा बोलावलं. मी म्हणालो, गुडघा. त्याच्या पुढच्या वर्षीही म्हणालो.

आणि मग शैलाच्या छातीने दगा दिला. दिल्लीच्या हवेत दिवाळीनंतर खोकला कोणाला होत नाही, म्हणून आम्ही आधी दुर्लक्षच केलं. आता दम्याचा पंप उशाशी असतो, खिडक्या बंद असतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उंचावर जायचं नाही. आमचा स्वतःचा जिना ती दोनदा टेकून चढते. ती टेकते तेव्हा मी शेजारी उभा असतो. काय बोलणार? "सावकाश, घाई नाहीये"?

परवा मधुराने व्हिडिओ कॉल केला. ती मैत्रिणींबरोबर त्या घरापाशी गेली होती. शैला सोफ्यावर होती, मी शेजारी. मधुराने फोन फिरवून बाकं दाखवली, खिडक्या दाखवल्या, खालची दरी दाखवली. शैला एकेक गोष्ट विचारत होती — आत कसला वास येतो, पाणी कुठलं, रात्री कोणी राहतं का. मधुरा म्हणाली, "लाकडाचा आणि लोण्याचा वास येतो, आई." शैलाने बिल्कुल लहान मुलीसारखा श्वास आत ओढला, तो मध्येच अडकला, ती खोकत राहिली.

खोकला थांबल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला. मुलीला म्हणाली, "बाबांना नीट दाखव गं. त्या गुडघ्यापायी त्यांचं बघायचं राहिलं. माझं काय, मी अर्धं तरी बघितलं."

मी फोन धरला. मधुराने मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. शैला माझ्याकडे बघत होती, मला आवडतंय ना हे बघत होती. मी म्हणालो, "छान आहे."