विझलेली ज्योत विझवायचा सोहळा

मी समुद्रात नोकरीला आहे म्हटलं की बजाजनगरात लोक हसत. दारात एवढ्या कंपन्या असताना इथला माणूस खाऱ्या पाण्यात कशाला तडफडेल! पण मी गेलो. समुद्रातून तेल काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथं उंच नळीच्या टोकाला जादा वायू जळत असे. ती ज्योत सांभाळणं माझं काम. देवगाव रंगारीला मेंढरं राखणाऱ्या वडिलांना मी एवढंच सांगत असे, "आमची चूल समुद्रात हाय."

पुढं तिथल्या विहिरी आटल्या. त्यांच्यात सिमेंट ओतायचं आणि प्लॅटफॉर्म कापून भंगारात घालायचा, असं ठरलं. इन्चार्जनं मला शब्द दिला, ज्योतीचा शेवटचा व्हॉल्व्ह तूच बंद करायचा. मला दुसरं काही नको होतं. वडिलांना लगेच फोन केला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मेंढरांचा तळ उठवताना ज्यानं चूल पेटवली त्यानंच इझवायची. आपल्यात तसंच हाय. मला फोनात दाखीव."

मग मोठ्या साहेबांना यायची लहर आली. त्यांचं येणं आज-उद्या करत लांबलं, तोवर ज्योत आपली आपण विझली. साहेबांची सवड तिला कुणी कळवली नसावी. विझवायला ज्योत नाही म्हणजे फोटो नाही! बोटीनं गॅसच्या टाक्या आल्या आणि मला हुकूम झाला, पेटव. पेटवली.

साहेब हेलिकॉप्टरमधून उतरले. झेंडूच्या माळा, लाल फीत, नारळ. मयताला आलोत की दुकानाच्या उद्घाटनाला, कळेना. 'आपण सारे एक कुटुंब' हे भाषणात आलंच. मग या कुटुंबप्रमुखांनी व्हॉल्व्ह फिरवला, तोही उलटा. ज्योत भडकली. तरी टाळ्या! मी सुलटा फिरवायला पुढं झालो, तर फोटोवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, साहेब झाकले जातात." साहेबांनी पुन्हा फिरवला, ज्योत विझली, पुन्हा टाळ्या. असल्या टाळ्यांची मला किळस येते.

गावी गेल्यावर वडिलांना सोहळ्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"ह्यो कोण रं?"

"मोठे साहेब."

"ह्यानं पेटवली व्हती का?"

"नाय. मी पेटवली."

"मंग इझली नाय ती," म्हणाले, आणि काठी उचलून मेंढरांकडं गेले.

त्या सगळ्या सोहळ्यात मला रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं.