उरलेलं वल्हं

चौऱ्याऐंशी साली बायको गेली. तेव्हा मी वर्सोव्याला होडीच्या सामानाच्या दुकानात हमाली करायचो. एक दिवस एक म्हातारा कोळी खांद्यावर वल्हं घेऊन आला. जोडीतलं दुसरं मोडलं होतं. त्याला एकच हवं होतं, तेही जोडीच्या निम्म्या किमतीत.

शेठ म्हणाला, "जोडी फोडली तर पाऊण जोडीचे पैसे पडतील, बाबा. उरलेलं कोण घेणार?"

"मग माझं हे धडधाकट वल्हं चुलीत घालू? उद्या होडी जागच्या जागी गोल फिरंल, बघायला ये!"

बोलता बोलता तो गर्रकन वळायचा. खांद्यावरचं वल्हंही फिरायचं आणि आम्ही सगळे खाली वाकायचो. शेठ वाकूनच भांडत होता.

शेवटी म्हाताऱ्यानं वल्हं जमिनीला टेकवलं. "जोडीतलं एक गेलं म्हणून दुसऱ्याला टाकतात काय रे?"

मला राहवलं नाही. "शेठ, द्या त्याला निम्म्यात. उरलेलं मी घेतो, पगारातून कापा."

त्याचं नावही मी विचारलं नाही. मला होडी नाही, पोहताही येत नाही. वल्हं माझ्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत डोक्याच्या उंचीला तिरकं टांगलंय. येणारे कुरकुरतात. मी म्हणतो, वाकून या.