कमरेखालचं अपील

माझ्या मामेसासऱ्यांइतका मोठ्या आवाजाचा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नसेल, आणि त्यांच्याइतका लाजाळूही नसेल. ही दोन माणसं एकाच अंगात कशी नांदतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. मामा सैन्यात हवालदार होते, नव्या पोरांना कवायत शिकवायचे. ते पेन्शनीत आले, पण आवाज अजून नोकरीतच आहे. पूर्णगडच्या खाडीकाठी त्यांचं घर. अंगणातून त्यांनी "काय गावला?" असं विचारलं की पलीकडच्या काठावरचा होडीवाला मासा वर धरून दाखवतो. कोंबड्या त्यांच्या हुकमाशिवाय खुराड्यात जात नाहीत, आणि जातात त्या रांगेत जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण समोर बाईमाणूस आलं आणि गोष्ट कमरेच्या खाली गेली, की याच माणसाचा घसा बसतो. औषधाच्या दुकानात मालकीणबाई बसलेल्या असल्या की मामा खोकल्याचं औषध घेऊन परत येतात. कपाटात बाटल्यांची पलटण उभी आहे, आणि मामांना कधी खोकला झाल्याचं कोणाला आठवत नाही. एकदा 'त्या' त्रासासाठी धीर करून रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे गेले, ऐन वेळी शब्द फुटेना म्हणून दाढ दुखते म्हणाले, तिथून दातांच्या दवाखान्यात रवाना झाले आणि चांगली धडधाकट दाढ काढून घेऊन घरी आले.

'तो' त्रास असा. ऐन जवानीत, सीमेवर असताना, त्यांचा ट्रक दरीत गेला आणि कमरेच्या मणक्याला मार बसला. मणका सांधला, पण नवराबायकोच्या संसारातलं जे काम असतं ते कायमचं थांबलं. मूल झालं नाही. वाडीने बोट दाखवलं ते मामींकडे. बारशाचं बोलावणं त्यांना यायचं ते घुगऱ्या शिजवायला. बाळ पाळण्यात घालायची वेळ झाली की कोणीतरी नेमकं त्यांच्यासाठी आत काम काढायचं. मामी घरी परत यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. हे मामांच्या फार मनाला लागलं होतं. पेन्शन वाढली काय आणि न वाढली काय, त्यांना सरकारकडून एवढंच वदवून घ्यायचं होतं की दोष नवऱ्याच्या कमरेचा, आणि तो देशाच्या नोकरीत आलेला. मग मामींकडे बोट दाखवायची कोणाची छाती होते ते बघू, असं त्यांचं साधं लष्करी गणित.

पण पेन्शनच्या कचेरीत अर्ज घ्यायला खिडकीत बसलेली बाई! मामांनी छताकडे बघत सांगितलं, "खालचा काम बंद हाय." बाईंनी भल्या मनाने 'पायांच्या हालचालीस अडथळा' असं लिहून घेतलं. शब्द सभ्य होते, म्हणून मामांनी लगेच सही केली. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी उठाबशा काढायला सांगितल्या. आता हवालदाराला हुकूम मिळाल्यावर तो काय करणार? मामांनी उठाबशा काढल्या, डॉक्टर पुरे म्हणाले तरी काढल्या, आणि वर जागच्या जागी दौड करून सलाम ठोकला. दावा फेटाळला गेला. मामा घरी आले ते निम्मे चिडलेले आणि निम्मे फुगलेले.

"नापास केलानी, पण शेरा बघा जावईबापू! 'पाय उत्तम'!"

अपील लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठीचा मास्तर. शब्द काही केल्या जमेना. 'नपुंसकत्व' म्हटल्यावर मामांनी नुसताच मिशीवरून हात फिरवला. 'लैंगिक दुर्बलता' म्हटलं तर, "दुर्बळ कोण? मी?" आणि असले शब्द एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतीवर लिहिलेले असतात, ही वर तक्रार. त्यांची स्वतःची सूचना होती, "बंदूक हाय, पन फायर होत नाय, असा लिवा. सायबाला बरोबर समजेल." शेवटी 'इंद्रियशैथिल्य' पसंत पडलं. त्याचा अर्थ वाडीत कोणाच्या बापाला कळला नसता, आणि मामांना नेमकं तेच आवडलं.

सुनावणीला मामा, मामी आणि मी मुंबईला गेलो. साहेब म्हणाले, "हा शब्द राहू द्या. त्रास काय होतो ते तुमच्या तोंडाने सांगा." टाइप करायला पुन्हा बाईच. मामा लाल झाले. "तसा काय नाय सायेब. बरा हाय."

मामींनी एवढी वर्षं खाल्लेली बोलणी त्या एका 'बरा हाय'पाशी वाया जाणार होती. पण कोकणात एक सोय आहे. शिमग्यात होळीभोवती आम्ही फाका घालतो, म्हणजे वर्षभर जे तोंडातून काढायचं नाही ते यमकं जुळवून, बायकापोरांदेखत, बोंब मारून ओरडायचं. त्या दिवशी कोणी लाजत नाही आणि कोणी रागवत नाही. यात मामांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. मी त्यांच्या कानाशी लागलो, "मामा, शिमगा समजा."

मामा उठले. हात तोंडाशी गेला. आणि ट्रक, दरी, मणका आणि मणक्यानंतरचं सगळं त्यांनी अशा यमकांत नि अशा आवाजात मांडलं की बाहेरचा शिपाई आग लागली समजून आत धावला. शब्द मी इथे देऊ शकत नाही. टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले होते. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि त्यांना सांगितलं, "लिहा, अपीलकर्त्याने तक्रार सविस्तर मांडली." मग नव्याने तपासणी झाली, या वेळी योग्य जागेची, आणि अपील मंजूर झालं.

मामांनी निकाल देवळात, गावकीच्या बैठकीत वाचून दाखवला आणि इंद्रियशैथिल्याचा अर्थही फोड करून सांगितला. घरी आल्यावर मामी कडाडल्या. "कोनी सांगितलान होता तुमाला? माज्यावर बोलत होते तर बोलू देत होते. एवढी वर्सा मी तोंड उघडला नाय, तो कशापायी? तुमाला कोनी हसू नये म्हणून!"

मामा खाली बघत म्हणाले, "हसू देत गो. आता जरा मला हसू देत."

लोक हसले. अजूनही हसतात. पण थोड्याच दिवसांत शेजारची सून बोलावणं घेऊन आली, बाळाला पाळण्यात मामींनीच घालायचं म्हणून. "सरकारनं सांगितल्यावर आठवण झाली काय गो?" मामींनी विचारलं. ती पोरगी ओशाळून परत निघाली. मग मामीच म्हणाल्या, "जा, येते मी. पोराचा काय दोष?"

त्या ठेवणीतलं पातळ नेसून गेल्या. मामा आणि मी पडवीत बसून होतो. परत आल्या आणि आमच्याजवळ टेकल्या, हात मांडीवर तसेच उताणे.

"पोर किती हलका असता हो," त्या मामांना म्हणाल्या. "मला वाटला होता, जड लागेल."

मामांनी तोंड फिरवलं. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि माठापाशी उभा राहून चांगला रडलो.