मामाचे तबक

गोविंदपुरमच्या विठ्ठल-रुक्मिणीचे स्मरण करून, माझी धाकटी भगिनी अंबुजा हिच्या निधनानंतर ही शब्दांजली वाहतो. त्या पहाटे मी तमिळ मुलखातील कुंभकोणच्या आमच्या घरी ओसरीवर नामस्मरण करीत होतो. कावेरीवरून धुके येत होते. सूनबाई हलकेच म्हणाली, "अण्णा, आत्याबाई उठत नाहीत..." तेव्हापासूनचे दिवस जणू त्या धुक्यातूनच चालले आहेत.

अंबुजा तिरुविसनल्लूरच्या बाजूस एका खेड्यातील सरकारी शाळेत शिक्षिका होती. "अण्णा, कायदा मुलास वर्गापर्यंत बोलावतो, त्याच्या पायी वहाण कोण घालणार?" असे ती म्हणे. गरिबांच्या मुलांसाठी सरकारातून गणवेश, पुस्तके, वहाणा येत, मुलींच्या नावे शिष्यवृत्तीही येई. ते सारे घरोघर पोहोचावे, हाच तिचा नित्यनेम.

शेतमजूर मुरुगेसनची सेल्वी सातवीत असताना शाळेत येईनाशी झाली. जुना गणवेश विरला होता आणि सरकारचा नवा घेण्यास बाप राजी नव्हता. "आमच्यात भिक्षेचे अंगावर घालीत नाहीत, टीचरम्मा. पोर रेशमाच्या मागावर कांड्या भरायला जाईल."

अंबुजा घरी आली ती पदर खोचूनच. देवघरातले पितळी तबक तिने चिंचेने लख्ख घासले. त्यात गणवेश, पुस्तके, हळदकुंकू, विडा आणि मोगऱ्याचा गजरा मांडला. वहाणा तेवढ्या वेगळ्या पिशवीत. मग म्हणाली, "अण्णा, आज तुम्हांस मामा होणे आहे."

इकडे तमिळ घरांत मामा भाचीसाठी तबके भरून मानाचा आहेर नेतो, त्यास 'सीर' म्हणतात. सेल्वीच्या आईस भाऊ नव्हता. मी तबक धरून बांधावरून चाललो. दोहों बाजूंस भाताच्या खाचरांत आकाश उतरले होते, आणि आपण चालतो आहोत की तरंगतो आहोत, हेच उमगेना...

"हे काय, सामी?" मुरुगेसन दारात उठून उभा राहिला.

उत्तर अंबुजेने दिले. "मामाकडचे सीर. पाठविले सरकारने, आणले माझ्या अण्णांनी. सीर परतविणारा बाप पाहिला आहेस कुठे?"

तो तबकाकडे पाहत राहिला. मग मिशीत हसला. "सरकार मामा? पोरीच्या लग्नाला येईल का हा मामा?"

"येईल की! पण पंगत उठल्यावर."

आतून सेल्वीची आई खळखळून हसली आणि पदर पुढे करून बाहेर आली. त्या पदरात मी गणवेश ठेवला. मुरुगेसनने मान वळविली, पण 'नको' म्हटले नाही. सकाळी सेल्वी शाळेत गेली. तबक तिने तिथे अंबुजेच्या हाती दिले, त्यात शेवग्याच्या शेंगा होत्या. सीराचे तबक रिकामे परतवीत नाहीत.

पुढे शाळा उघडली की कुठल्या ना कुठल्या दारी ते तबक जाई, आणि मागोमाग मी.

आज सेल्वी त्याच शाळेत शिकविते. परवा ती ओसरीपाशी येऊन उभी राहिली. "मामा, तबक हवे आहे. एका मुलीचा बाप ऐकत नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आणि... मामाही हवा."

मी गेलो. काल तबक परत आले, कोवळ्या वांग्यांनी भरलेले. देवघरात ठेवताना तोंडून निघून गेले, "अंबू, काय आले आहे पाहा..." पितळेला अजून चिंचेचा वास होता.

वाचकहो, आपल्या दारी लेकीबाळींच्या मानाचे तबक येवो, आपल्या घरातूनही ते दुसऱ्या दारी जावो, आणि श्रीहरिकृपेने कधीही रिकामे न परतो.