साखळीने बांधलेली बॅग

२००३ साली इंग्रजांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला मी नागपूरहून लंडनजवळच्या स्लाऊला आले आणि एका गोऱ्या म्हातारीच्या घरात खोली घेतली. दाराला आतून कडीसुद्धा नव्हती. मला तेव्हाच खटकलं. खिडकीखाली भिंतीला एक पांढरं लोखंडी धूड होतं. रेल्वेत बर्थला बांधतो तशी मी बॅग साखळीने त्याच्या पाइपला बांधली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवून शाळेत गेले.

परत येऊन बघते तर बॅग सरकलेली, साखळी ताणलेली. मी ती परत पाइपाशी ढकलली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यात खोली इतकी गार की मी कोट घालून झोपायचे. म्हणजे माझ्या सामानावर डोळा, आणि वर हीटिंगची काटकसर!

चौथ्या दिवशी मी तिला सरळ जाब विचारला.

"अगं, तू बॅग बांधतेस तो खोली तापवणारा रेडिएटर आहे," म्हातारी म्हणाली. "तुझी बॅग त्याला चिकटून असते, मग खोली तापणार कशी? म्हणून मी ती रोज बाजूला करते. बिचारी कोट घालून झोपतेस."

मी वरमले, सॉरी म्हटलं, वर येऊन साखळी सोडली. आणि तशीच थबकले. मी कोट घालून झोपते, हे हिला कसं कळलं?

त्या रात्री साखळी मी आतून दाराच्या मुठीला बांधली.