दस्तगीरचाचा आणि कॉफी-मशीनची सोंड

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तुम्ही कुकर घेऊन गेलात आणि "शिट्टी होत नाही" एवढंच म्हणालात, तर दस्तगीरचाचा कुकरकडे ढुंकूनही बघणार नाहीत. ते तुमच्याकडे बघणार. चष्म्याच्या वरून. आणि म्हणणार, "होत न्हाई, मग होतंय काय? आवाज काढून दाखवा."

आता भर बाजारात, चार माणसांत, कुकर होऊन दाखवायचं म्हणजे भलेभले गांगरतात. एका वकीलसाहेबांनी घसा खाकरून, अगदी न्यायाधीशांपुढं उभं राहिल्यागत, "फिस्स" म्हटलं होतं. निवृत्त तहसीलदार डोळे मिटून "सूंऽऽ" करतात, आणि तेवढं करताना मान डोलावतात. एका डॉक्टरांना लाज वाटली, म्हणून ते गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि आतून आवाज काढला. चाचांना काही ऐकू आलं नाही. मग त्यांना खाली उतरून पुन्हा काढावा लागला, तोवर बघे दुप्पट झाले होते.

"मशीन खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो," चाचांचं म्हणणं. "पण माणसाला आवाज काढाया लावलं ना, की त्यालाबी खोटं बोलाया जमत न्हाई."

ही विद्या त्यांना रॉकेलच्या स्टोव्हनं दिली. अकरा वर्षांचे असल्यापासून ते वडिलांबरोबर स्टोव्ह दुरुस्त करत. गल्लीतून जाता जाता नुसत्या भरभरीवरून सांगत, कोणाच्या स्टोव्हला पिन मारायची वेळ झाली आहे. स्टोव्ह गेले, तसे चाचा कुकरकडे वळले, मग गॅसच्या शेगडीकडे, मग वाफेच्या इस्त्रीकडे. खाकी पिशवी मात्र तीच राहिली: पाने, वायसर आणि स्टोव्हच्या पिनांची दोन पाकिटं. आता या पिना कोणी बनवतही नसेल. चाचा त्या जपून होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांचं स्टूल असायचं मुलाच्या, जीशानच्या, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर. आणि जीशानला नेमकं तेच खटकायचं.

"अब्बा, मेरे कस्टमर हसतेत," तो म्हणायचा.

"हसत जातात ना? रडत तर न्हाई जात?"

"आता घरी बसा की. कुकर बिघडला तर लोक नवा घेतात."

 चाचा फक्त पिशवी स्टुलाच्या थोडी जवळ ओढून घेत.

त्या मंगळवारी सुकन्यामॅडम दुकानात आल्या त्या मोबाइलची काच बदलायला. या डाळमिलवाल्या अण्णारावांच्या सूनबाई. क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात आणि नुसत्या नजरेनं दोनशे पोरं गप्प करतात. बोलता बोलता त्यांनी जीशानला विचारलं, "कॉफीचं मशीन दुरुस्त करणारं कोणी आहे का हो इथं? कंपनी म्हणते पुण्याला पाठवा, महिना लागेल. महिनाभर कॉफीशिवाय मी सकाळी सहाची बॅच घेतली, तर पोरांचं काही खरं नाही."

जीशान हसला. "मॅडम, लातुरात कोण करणार?"

स्टुलावरून आवाज आला, "काय होतंय त्याला? आवाज काढून दाखवा."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक मॅडमच्याच क्लासमधल्या पोराचे वडील. सुकन्यामॅडमनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आधी व्हायचं च्यर्रर्र, कागद फाडल्यासारखं, मग सूंऽऽऽ. आता होतं फुस... फुस... टिप."

"टिप म्हणजे पाणी पडतंय?"

"हो, थेंब."

"तोंड तुंबलंय," चाचांनी निकाल दिला.

"अब्बा, ये कुकर नै है," जीशान म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बाहेरच्या देशाचं मशीन आहे. हात लावू नका." चाचा ऐकेनात, तसं तो गिऱ्हाइकांसमोरच बोलून बसला, "ठीक आहे. नीट झालं तर मी जन्मात तुम्हाला 'घरी बसा' म्हणणार नाही. नाही झालं, तर पिशवी आजच माझ्या दुकानातल्या खुंटीला."

"लावली पैज," चाचा म्हणाले. आणि मॅडमच्या स्कूटरमागं ऑटोत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कॉफीचं मशीन त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही.

अण्णारावांच्या स्वयंपाकघरात ते ओट्यावर चमकत उभं होतं. एका बाजूला वाकडी, स्टीलची, बारीक नळी. सुकन्यामॅडम तिला वँड म्हणत होत्या. चाचांनी तिला एकदा पाहिलं आणि नाव ठेवून टाकलं: सोंड.

फ्रिजपाशी मॅडमच्या सासूबाई, केवळाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. मेथी कधीच निवडून झाली होती. तरी निवडत होत्या.

"हे बघा चाचा," सुकन्यामॅडमनी शिकवायला सुरुवात केली, "आत पाणी तापतं, वाफेचा दाब तयार होतो, हा नॉब उघडला की वाफ वँडच्या टोकातून दुधात जाते आणि दूध फुलतं. लक्षात आलं?"

चाचांनी पहिल्या बाकावरच्या पोरागत मान हलवली. "पाणी कोणतं घालता?"

"फिल्टरचं. बोअरचा एक थेंब नाही. म्हणजे क्षार साचले, हे कारण बाद. दूध गरम झालं की मी लगेच ओल्या फडक्यानं वँड पुसते आणि क्षणभर वाफ सोडून आतली नळी मोकळी करते. म्हणजे दूध वाळून अडकलं, हेही बाद. लक्षात आलं? मग उरलं काय?"

"घरात अजून कोण वापरतं?"

"कोणीच नाही."

"म्या तर बाई त्याच्या वाऱ्यालाबी उभी ऱ्हात न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

चाचा वळले. "वहिनी, वापरत नसाल, पण कानावर तर पडत आसंल. तुम्ही काढून दाखवा की आवाज."

"बया! मी कशाला?"

"काढा हो आई," सुकन्या म्हणाली. "मी तर बाजारात काढून आले."

केवळाबाईंनी पदर सावरला. लाजल्या. पण एकदा करायचंच म्हटल्यावर त्यांनी मन लावून केलं. गाल फुगवले, ओठ पुढं काढले आणि घशाच्या तळातून सुरू केलं, "बुदुक... बुदुक... घुर्रर्र... बुदुक."

चाचांचा पाना हवेतच थांबला.

पातळ जिन्नस सळसळतो. बुदबुदतो तो दाट. दुधाचा आवाज मॅडमनी बाजारात काढला होता, आणि तो असला नव्हता. इतक्यात क्लासचा फोन आला म्हणून सुकन्या बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेली. चाचांनी आवाज खाली आणला.

"वहिनी. पिठलं का वरण?"

केवळाबाईंनी मेथीची एक काडी मोडली. अजून एक मोडली.

"वरण."

मग बांध फुटला. आठ दिवसांमागं त्यांचं मनगट धरलं होतं, रवी फिरवताना कळ यायची. सून एवढंसं दूध त्या नळीखाली धरते आणि ते कसं टम्म फुलतं, हे त्या रोज बघत होत्याच. "म्हनलं, दूध फुलतंय तर वरनानंच काय घोडं मारलंय?" सून क्लासला गेल्यावर त्यांनी शिजलेली डाळ, हळद, हिंग पातेल्यात घेतलं आणि सोंड आत बुडवली. मिनिटात वरण लोण्यावानी झालं. दुपारी अण्णाराव जेवायला आले. जन्म तुरीच्या पोत्यांत गेलेला माणूस. चौतीस वर्षांच्या संसारात वरणाबद्दल ते 'मीठ' याशिवाय एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "केवळा, आज वरण एकजीव झालंय."

"आता तुम्हीच सांगा भाऊ, दुसऱ्या दिवशी करू न्हाई तर काय करू?"

"बरोबर हाय. पन नुसत्या डाळीनं एवढं तुंबणार न्हाई."

"परवाच्याला ध्यान न्हाई ऱ्हायलं," केवळाबाई पुटपुटल्या. "फोडनी टाकल्यावर घोटलं."

चाचांनी कपाळाला हात लावला.

"सांगू नका हो भाऊ. सासूनं सुनंच्या मशिनीत वरन घोटलं म्हनून माझ्या भिशीत सा म्हयने हसतील."

"माझ्या तोंडून शब्द जाणार न्हाई," चाचांनी वचन दिलं, आणि कामाला लागले.

मशीन बंदच होतं, सोंड थंड. टोकाला फडकं गुंडाळून, ओरखडा येऊ न देता, त्यांनी ते फिरवून काढलं. मग बिनटोकाच्या सोंडेखाली पातेलं धरून मशीन तापवलं, नॉब उघडला. भक्ककन वाफ आली. चाचा पहिल्यांदा हसले. नळी मोकळी, दोष टोकात. स्टोव्हचं निप्पल काय आणि हे काय, खानदान एकच.

टोक गरम पाण्यात टाकलं. पाणी हळूहळू पिवळं झालं, लग्नघरातल्यासारखं. केवळाबाई दाराकडं पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे कोणी आलं तर पिवळं दिसू नये. टोकाला चार भोकं होती. चाचांनी पिशवीतून स्टोव्हची पिन काढली. पिन सरळ आत, सरळ बाहेर. फिरवायची नाही, भोक मोठं झालं की वाफ वेड्यागत पळते. तीन भोकं उघडली. चौथं हटेना. खिडकीकडं धरून पाहिलं, तर आत काळं, गोल, चकचकीत काहीतरी बसलेलं. मोहरी! वाफ बंद करून सोंड वरणातच ठेवली, की थंड होताना ती आतून ओढून घेते. तशी ती ओढली गेली होती. हार्डवेअरच्या दुकानात शोधून मिळाली नसती इतकी मापात.

चाचांनी तिला आतून टोचून बाहेर पाडलं. ती टण्णकन ओट्यावर पडली आणि केवळाबाईंनी ती बोटानं टिपून खाऊन टाकली. पुरावा संपला.

टोक परत बसलं. नॉब उघडला. च्यर्रर्र... सूंऽऽऽ.

सुकन्या धावत आली. दूध घेतलं, फुलवलं, बोट बुडवून पाहिलं. "चाचा, कमाल!" मग तिच्यातली मॅडम जागी झाली. "पण कारण काय होतं? कारण कळल्याशिवाय मी दुरुस्ती मानत नाही."

तेवढ्यात जीशानचा व्हिडिओ कॉल. त्याला निकाल हवा होता. फोनमध्ये त्याच्या मागं सकाळची दोन गिऱ्हाइकं अजून थांबलेली दिसत होती. "अब्बा, कारण सांगा. कारण नसेल तर आपोआप चालू झालं, आणि पिशवी खुंटीला."

चाचा अडकले. क्षार म्हणावं, तर मॅडमनी ते आधीच बाद केलेलं; शिवाय अख्ख्या हयातीत त्यांनी खोटा दोष कोणाला सांगितला नव्हता. खरं सांगावं, तर मागं केवळाबाई मेथीच्या जुडीसकट हात जोडून उभ्या. आणि पिशवी खांद्यावर एकाएकी फार हलकी वाटायला लागली, कोणीतरी आत्ताच उतरवून घेतल्यासारखी.

"मी सांगणार न्हाई," चाचा शेवटी म्हणाले. "आवाज काढतो. ऐका. हे दूध." त्यांनी च्यर्रर्र केलं, सूंऽऽ केलं. मशीनसुद्धा फसलं असतं. "आन् हे कारण."

त्यांनी नसलेला पदर सावरला. लाजले. गाल फुगवले, ओठ पुढं काढले आणि हुबेहूब केवळाबाईंच्या घशातून सुरू केलं, "बुदुक... बुदुक... घुर्रर्र... बुदुक."

 सुकन्यानं चाचांकडं पाहिलं. मग सासूकडं. मग झाकून ठेवलेल्या वरणाच्या पातेल्याकडं. जाऊन झाकण उचललं. आठवडाभर लोण्यासारखं होणारं वरण मशीन बिघडल्यापासून पुन्हा दाणेदार झालं होतं.

"आई?"

"मेथी लई कवळी निघाली आज," केवळाबाई म्हणाल्या.

"आई! आठ दिवस माझ्या कॉफीला हिंगाचा वास येतोय! पाकिटावर लिहिलंय, मसाल्याचा मंद गंध. मला वाटलं तोच! मी क्लासमधल्या देशमुख सरांना हौसेनं पाजली, ते म्हणाले काहीतरी वेगळंच आहे." आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं, ते काही थांबेना, ओट्याला धरून खालीच बसली. केवळाबाई आधी घाबरल्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हलायला लागल्या.

"मनगट दुखतंय हे मला सांगायचं ना," सुकन्या डोळे पुसत म्हणाली. "घोटा यात, पण फोडणीच्या आधी. लगेच बाहेरून पुसायचं, आतून वाफ सोडायची, आणि सोंड वरणात ठेवून टीव्ही बघायला जायचं नाही. लक्षात आलं?"

"लक्षात आलं," केवळाबाई म्हणाल्या, इतक्या तंतोतंत सुनेच्या सुरात, की चाचांनी मनोमन त्यांना शिष्य करून घेतलं.

जीशाननं फोन कधी ठेवला, कोणाला कळलं नाही.

पाच वाजता चाचा दुकानात आले. पोटात दोन वाट्या वरण आणि एक कडू कॉफी. पिशवी त्यांनी मुद्दाम काउंटरवर, जीशानच्या नाकासमोर ठेवली.

"खुंटी कुठाय?"

"बसा ना अब्बा," जीशान मान वर न करता म्हणाला. तो एका फोनचे बारीक स्क्रू काढत होता.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. "दादा, ह्या फोनमधून आवाज फाटून यायलाय."

"फाटून म्हणजे कसा?" जीशान स्क्रूवरची नजर न हलवता म्हणाला. "काढून दाखवा."

 जीशानचा स्क्रूड्रायव्हर थांबला. त्यानं सावकाश वर पाहिलं. चाचा छताच्या पंख्याकडं बघत होते, अगदी निरागस.

बाईंनी मात्र मनापासून काढला, "खर्र... खर्र... खिर्रर्र."

"जाळीत कचरा हाय," पंख्याकडं बघतच चाचा म्हणाले. पिशवीत हात घातला आणि स्टोव्हची एक पिन काउंटरवरून मुलाकडं सरकवली. "फिरवू नको. सरळ आत, सरळ बाहेर."